राजा न्यूक्लियस भायर जाणा नाय

विश्राम परब गप्प बसलाय असं कोणी कधी पाहिलं असेल, तर त्याने पुढे यावं आणि सांगावं. अख्ख्या हेदवळ गावात असा माणूस सापडायचा नाही. कट्टा गावच्या बाजारात बांगडे घ्यायला गेला तर बांगड्यांच्या आधी विकणारणीला अर्धं समुद्रमंथन ऐकवून यायचा, आणि एस्टीत बसला तर कंडक्टरचं तिकीट फाडायचं राहून जायचं. त्याचा धंदाच तसला. दशावतारी कंपनीचा तो मालक, आणि राजाचं सोंगही त्याचंच. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, हे कोकणाबाहेरच्यांना सांगावं लागतं. रंग लावून झाला की मालक म्हणतो, आज अमुक आख्यान, तू हा, तू तो, इथे भांडण, इथे लढाई, की झालं. पुढचं सगळं ज्याने त्याने आपापल्या जिभेवर निभवायचं. अशा धंद्यात उभा जन्म काढलेल्या माणसाची जीभ जागेवर राहील कशी?

आणि अशा माणसाच्या पोटी सुगंधा. पोरगी हुशार, दहावीला केंद्रात पहिली आलेली, आता मालवणच्या कॉलेजात बारावी सायन्सला. मायक्रोस्कोपला डोळा लावला की डबा खायची आठवण राहत नसे. पण तोंड उघडायचं नाव नको. हाक मारली तर मान वर, बोलावलं तर मान खाली, एवढाच तिचा संवाद. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात, ते तिच्याकडे बघून पटायचं.

सिंधुदुर्ग जिल्हा नवा-नवा होता तेव्हाची ही गोष्ट. जानेवारी संपता संपता कॉलेजातून विश्रामला बोलावणं आलं. जीवशास्त्राच्या सुनीती प्रभू बाई वयाने लहान होत्या, पण बोलायला एकदम स्पष्ट. त्यांनी सुगंधाला बाजूला उभी केली आणि विश्रामला सांगितलं की मुलगी लिहायला बसली तर पानंच्या पानं लिहिते, पण पूर्वपरीक्षेच्या तोंडीला त्यांनी तिला विचारलं, पेशीत प्रोटीन बनतं त्यात न्यूक्लियसचं काम काय, तर ही भिंतीकडे बघत उभी राहिली ती उभीच. प्रॅक्टिकलच्या तोंडीला आता कोल्हापूरहून बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यापुढे अशीच मिठाची गुळणी धरून उभी राहिली तर प्रॅक्टिकलात नापास, आणि प्रॅक्टिकलात नापास म्हणजे बारावीच नापास.

मग बाई सुगंधाकडे वळल्या आणि त्यांनी मायेने विचारलं, काय होतं गं तुला, भीती वाटते का? यावर विश्राम लगेच म्हणाला की भीती नाही हो बाई, ती लहानपणापासूनच तशी, पाळण्यात असताना सुद्धा रडत नव्हती, एकदा तर विंचू चावला तरी. ती विंचवाची गोष्ट बरीच लांबली. बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा सुगंधाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

घरी सत्यवतीने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. सत्यवती म्हणजे विश्रामची बायको, कमी बोलणारी पण बोलली की शब्द मागे न घेणारी. तिच्या भावाने दोडामार्गात एक स्थळ बघून ठेवलं होतं, काजूची बाग, केळीची बाग, मुलगा निर्व्यसनी. घरात आधीच ठरलं होतं की सुगंधा बारावी झाली तर सावंतवाडीला बी.एस्सी., नाही झाली तर मे महिन्यात लग्न. दोडामार्गच्या मुलात खोट काही नव्हती, पण सुगंधाला सावंतवाडीला जायचं होतं. तिथल्या कॉलेजात तेलात बुडवून बघायच्या भिंगाचा मायक्रोस्कोप आहे असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. तिने ते आईला सांगितलं होतं, विहिरीवर, हळूच.

विश्रामलाही तेच हवं होतं, बरं का. ‘माझा चेडू दुर्बिणीतसून बघता’ असं तो पोरीबद्दल जत्रेजत्रेत सांगत फिरायचा. त्यामुळे त्याने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की हे न्यूक्लियसचं प्रकरण आपण स्वतः शिकणार, त्याचं आख्यान बसवणार, आणि पोरीच्या अंगात ते असं भिनवणार की झोपेतून उठवलं तरी बोलेल. कंपनीचे लोक दुपारी झोपून उठले की करायचं काय, पत्ते खेळायचे? त्यापेक्षा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, न्यूक्लियस खेळा.

सुगंधाने त्याला सांगायला सुरुवात केली. ‘न्यूक्लियस म्हणजे केंद्रक,’ एवढं ती म्हणाली, आणि विश्राम म्हणाला, मग आधी केंद्रक का नाही म्हणालीस? ती म्हणाली की दहावीपर्यंत मराठीत केंद्रक होतं, अकरावीत सगळं इंग्रजी झालं तेव्हा न्यूक्लियस झालं. विश्रामला हे लगेच पटलं. मुलगी सासरी गेली की नाव बदलतं, त्यात काय एवढं. प्रोटीन म्हणजे डाळीतलं का, असं त्याने विचारलं. डाळीत असतं, मासळीत असतं, आपले केस, नखं, रक्तातला लाल रंग, सगळं त्याचंच, असं ती म्हणाली, आणि ती पुढे काही सांगणार एवढ्यात विश्राम उठून उभा राहिला. त्याला आख्यान दिसलं होतं. पेशी ही नगरी. मधोमध राजवाडा. त्यात राजा न्यूक्लियस. राजाने घोड्यावर बसायचं, नगरीत फिरायचं, ठिकठिकाणी प्रोटीन निर्माण करायचं, आडवा आला त्याला लोळवायचं. सुगंधा पुटपुटली की तो बाहेर जात नाही. पण राजाची आरोळी एवढी मोठी होती की ते कोणाच्या कानावर गेलं नाही. मग तिने एक कागद काढला आणि सगळं लिहून बापाच्या हातात दिलं. लिहायला ती कधी मागे नव्हतीच.

त्या कागदावरची युक्ती मात्र झकास होती. पेशीच्या मूळ लिखाणात चारच अक्षरं असतात, म्हणून तिने मृदंगाचे चार बोल घेतले होते, धा, गे, ती, ना. त्यांचे तीन-तीनचे गट करायचे, आणि एकेका गटाला एकेक फूल. ‘धा गे ना’ आलं की सुरंगी, ‘ती ना धा’ आलं की आबोली, ‘गे गे ती’ आलं की तुळस. अशी फुलं ओळीने ओवली की होणारा वळेसर, म्हणजे गजरा, तोच प्रोटीन. मूळ लिखाण डीएनए, ते राजवाड्यातून हलायचं नाही. त्यातल्या लागेल तेवढ्याचीच नक्कल करून एक निरोप्या बाहेर पडायचा, त्याचं नाव मेसेंजर आरएनए. बाहेर बसलेला रायबोझोम तो निरोप तीन-तीन बोलांनी वाचायचा आणि फुलं ओवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारवलेल्या खळ्यात मंडळी जमली. निरोप्याचं काम गणपतला दिलं. गणपत कंपनीतला स्त्रीपार्टी, नेसून उभा राहिला की बायकासुद्धा पदर सावरायच्या. रायबोझोम झाला हरिश्चंद्र. तो राक्षसाची सोंगं करायचा, मिशा कानापर्यंत, आवाज घागरीतून आल्यासारखा, आणि त्याच्या हातात आता सुई-दोरा. फुलांच्या परड्या घेऊन सत्यवती बसली, नाइलाजाने, कारण रात्रीच्या कढीचे नारळ खवायचे पडले होते. विश्राम घरात, ओटीच्या दारामागे. डोक्याला जरीचा फेटा, कारण फेट्याशिवाय राजा कसला?

विश्रामने आतून गणपतच्या कानात बोल सांगितले, धा गे ना, ती ना धा, गे गे ती. गणपत निघाला. आता हा माणूस आयुष्यात कधी सरळ चालत रंगमंचावर आला नव्हता, त्याला मेसेंजर आरएनए केल्यावर तो सरळ कसा येईल? पाऊल टाकलं, गिरकी घेतली, मान वेळावली, आणि निरोप सांगायला तोंड उघडलं तर समेवर यायला एक धा कमी पडतो असं त्याच्या कानाला वाटलं. दिला ठोकून. धा, धा गे ना, ती ना धा, गे गे ती. दशावतारी माणसाला दोन वेळा तेच आणि तसंच बोलता येत नाही. तसं बोलणाऱ्याला ते नट म्हणतच नाहीत, पोस्टमन म्हणतात.

हरिश्चंद्र बिचारा प्रामाणिक. त्याने तीन-तीन मोजून घेतले. धा धा गे म्हणजे काय ते कागदावर बघितलं, तर जास्वंद. ना ती ना म्हणजे झेंडू. धा गे गे म्हणजे आंब्याचं पान. शेवटी एक ती उरली, ती कुठे घालायची ते त्याला कळेना. तो आपला जास्वंदीत सुई खुपसत बसला आणि जास्वंद काही ओवून घेईना. सत्यवती हसून लोळायची बाकी राहिली.

दारामागून विश्रामने हे बघितलं आणि त्याच्यातला मालक खवळला. माझ्या कंपनीत असला गजरा? तो फेटा सावरत धावत बाहेर आला, गणपतला बाजूला सारला, हरिश्चंद्राच्या हातातली सुई ओढून घेतली, फतकल मारून खाली बसला आणि स्वतःच सुरंगी ओवायला लागला. वर तोंड चालूच. राजा म्हणजे काय, राजाने स्वतः लक्ष घातल्याशिवाय नगरीत एक पान तरी हलतं काय.

‘बाबा, तुमी भायर कित्याक इलात?’

आवाज एवढा मोठा होता की आधी कोणालाच तो कोणाचा ते कळेना. शेजारची कोंबडी ओरडत कुंपणावर गेली. सुगंधा खळ्याच्या मधोमध उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

‘राजा न्यूक्लियस भायर जाणा नाय! कधीच जाणा नाय. तेनी आतसून निरोप धाडूचो, बस्स. वळेसर भायरच होतलो आणि भायरच्यांनीच करूचो. तुमी येवन बसलात तर ह्येंचा काम काय? आणि गणपतकाका, तुमी एक धा जास्तीचो घातलात. एकच. पण थयसून फुडचे सगळे गट सरकले, एकूण एक. शेवटाक असतो तरी चाललो असतो, तुमी सुरवातीक घातलात. पेशीत असा झाला तर माणूस आजारी पडता. रक्त बिघाडता. हो खेळ नाय.’

गणपतने हात जोडले. हरिश्चंद्राने जास्वंद खाली ठेवली. सत्यवतीच्या हातातली परडी तशीच राहिली. पोर एवढं बोलते, सलग, अडखळल्याशिवाय, हे त्या घराला नवीन होतं. आणि बोलते कोणाला, तर विश्राम परबाला, ज्याच्यापुढे गावचे मानकरी सुद्धा शब्द जपून टाकतात.

विश्राम उठला आणि आत गेला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे खोटं नाही. हा कसला राजा, ना घोडा, ना लढाई, कोठीत कोंडल्यासारखा बसून राहायचा. मग मालकाने करायचं काय? तो माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. संध्याकाळी सत्यवतीने पेज आणून समोर ठेवली आणि शेजारी बसली.

‘तिका बोलूक येता,’ ती म्हणाली. ‘आज आयकलात मां? तुमी बोलूक दिलात तर येता.’

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. विश्रामला तोंडात आलेलं उत्तर गिळावं लागलं, कारण ते द्यायला समोर कोणी नव्हतं. मग त्याला एकेक आठवायला लागलं. पाहुणे सुगंधाला विचारायचे, कितवीला आहेस गं, तर उत्तर हा द्यायचा. डॉक्टर विचारायचे, कुठे दुखतं, तर पोट हा दाखवायचा. आणि त्या कॉलेजात, बाईंनी एवढ्या मायेने पोरीला विचारलं, तर ह्याने विंचू काढला. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोर तोंड उघडणार कधी? ह्याने तिला श्वास घ्यायला जागा ठेवली होती का? विश्रामला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. पेज गार झाली ती त्याने तशीच प्याली.

दुसऱ्या दुपारी त्याने गणपतला बोल सांगितले आणि स्वतः दार ओढून आत बसला. जरीचा फेटा काढून खुंटीला टांगला. आता हे सांगायला सोपं आहे, पण विश्रामसारख्या माणसाने दाराआड गप्प बसायचं म्हणजे काय असतं ते विश्रामलाच ठाऊक. बाहेर हरिश्चंद्र चुकत होता, गणपत गिरक्या घेत होता, आणि हा आत बसून मांडीखाली हात दाबत होता. एकदा तर त्याने तोंडात सुपारी कोंबली आणि ती चघळायचीही विसरला. बाहेर मात्र आवाज येत होता सुगंधाचा. ‘काका, परत. बोल तेवढेच सांगूचे, समेचा नाव काढू नकात.’ ‘हरिकाका, आबोली आधी.’ आवाज रोज थोडा थोडा वर चढत होता. फुलं वेळेवर आणून देणारी म्हणजे आपण ट्रान्सफर आरएनए, हे कळल्यावर सत्यवती शेजारणीलाही सांगून आली. गणपतने शेवटी एके दिवशी निरोप बिनचूक सांगितला, एकही धा जास्त न घालता, आणि घामाने भिजून ओटीवर बसला. म्हणाला, अख्खी रात्र नाचेन पण हे काम मला परत देऊ नका.

एकदा विश्रामने आतून विचारलं, ‘गो बाय, माझ्या डोक्यात सगळी आख्याना आसत. पण जत्रेक मी एकच सांगतंय. तुझो न्यूक्लियस सगळी आख्याना एकदम भायर धाडता काय?’

असं विचारून त्याने उत्तराची वाट बघितली. ही गोष्ट त्याने बहुधा पहिल्यांदाच केली. बाहेर सुगंधा थांबली, विचार करत राहिली, आणि मग दाराजवळ येऊन म्हणाली की नाही, जिथे जे लागतं तेवढंच. डोळ्यातल्या पेशीतही सगळं लिहिलेलं असतं आणि नखातल्याही, पण डोळ्यातून नख उगवत नाही, कारण तिथे ते आख्यान काढतच नाहीत. विश्राम आत बसून खूश झाला. बाहेर येऊन तिला शाबासकी द्यावी असं त्याच्या फार मनात आलं, पण तो राजा होता आणि राजा बाहेर जात नाही, म्हणून त्याने दाराला आतून नुसती थाप मारली.

परीक्षेच्या आदल्या रात्री कंपनीचा खेळ नेमका दोडामार्गच्या जत्रेत. टाळता येण्यासारखा नव्हता. खेळ संपला तसा विश्राम तोंडावर कसंबसं पाणी मारून पहाटेच्या गाडीत चढला, सावंतवाडीला गाडी बदलली आणि उन्हं वर आल्यावर मालवणात उतरला. कानामागे रंग, भुवयांवर रंग, डोळ्यांत भरघोस काजळ. एस्टीतली लहान पोरं घाबरून आईच्या पदरात शिरली. कॉलेजात पोचला तेव्हा तोंडी परीक्षा सुरू झाली होती. शिपायाने त्याला नखशिखांत बघितलं आणि प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात खिडकीखालच्या बाकड्यावर बसवलं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही या बोलीवर.

आतून आवाज येत होते. एकेक मुलगा आत जात होता, घाम पुसत बाहेर येत होता. मग सुगंधा परबचं नाव पुकारलं. परीक्षकांचा आवाज जाड, पण चढा नव्हता. त्यांनी कांद्याच्या पापुद्र्याची काच तिच्यापुढे सरकवली असावी, कारण पेशी दाखव म्हणाले, न्यूक्लियस दाखव म्हणाले, आणि हं, बरोबर, म्हणाले. मग त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. परीक्षक म्हणाले, ‘मराठीत सांग हवं तर. प्रोटीन बनवायला न्यूक्लियस लागतो, हे पुस्तकात आहे. मला सांग, पेशीतून न्यूक्लियस काढूनच घेतला, तर काय होईल?’

हा प्रश्न खळ्यात कोणी विचारला नव्हता. राजाच काढून घेतला तर? विश्रामच्या डोक्यात उत्तर लख्ख तयार झालं. काय होतला, मरतली! राजा गेला की नगरी गेली, सगळ्या आख्यानांत तेच. आत सुगंधा गप्प होती. अजून गप्प. विश्रामच्या घशात तो शब्द येऊन बसला, जिभेवर आला, दातांशी आला. फक्त एक शब्द. खिडकी हाताच्या अंतरावर. त्याने खांद्यावरच्या पंच्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं तरी सोडलं नाही.

‘लगेच काही होणार नाही, सर,’ सुगंधाचा आवाज आला. आधी बारीक, मग मोकळा. ‘जेवढे निरोप आधीच बाहेर आलेत, तेवढ्यावर पेशी काही दिवस चालेल. रायबोझोम बाहेर आहेत, ते त्यांचं काम करत राहतील. पण नवीन काही बनवता येणार नाही, मोडेल ते दुरुस्त होणार नाही. मग हळूहळू मरेल. आपल्या रक्तातल्या लाल पेशी तशाच आहेत. त्यांच्यात न्यूक्लियस नसतो. न्यूक्लियस जायच्या आधी त्याच्या निरोपांवर जे बनवून ठेवलेलं असतं, ते पुरवून पुरवून त्या चारेक महिने सगळ्या अंगभर फिरतात.’

आत कोणीतरी पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला. परीक्षकांनी आणखी काही विचारलं, ती बोलत राहिली, डीएनए, निरोप्या, तीन-तीनचे गट, एक अक्षर सुरुवातीला जास्त झालं तर पुढचे सगळे कसे सरकतात ते. परीक्षक एकदा हसले, मग ती हसली. विश्रामने ते हसणं ऐकलं आणि बाकड्याची कड घट्ट धरून बसला.

थोड्या वेळाने दार उघडलं. चहाची वेळ झाली होती. परीक्षक बाहेर आले, मागून सुनीतीबाई, मागून सुगंधा. परीक्षक बाईंना म्हणत होते की ही मुलगी बोलत नाही असं तुम्हाला सांगितलं कोणी, हिला थांबवायला मला घड्याळ बघावं लागलं. तेवढ्यात त्यांची नजर बाकड्यावर गेली. रंगलेल्या भुवया, ओघळलेलं काजळ. ते दचकून थांबले.

‘हे कोण?’

विश्राम उठून उभा राहिला. दशावतारात राजा समोर आला की आपली ओळख आपणच देतो, नाव, गाव, पराक्रम, सगळं, आणि विश्रामइतकी दणदणीत ओळख त्या मुलखात कोणाची नव्हती. पण त्याच्या तोंडून आवाजच निघाला नाही. सुगंधा दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

‘हे माझे बाबा, सर. विश्राम परब, हेदवळचे. दशावतारात राजा होतात. रात्री दोडामार्गात खेळ होता, तिथून झोप न घेता आलेत. मला प्रोटीन समजावं म्हणून यांनी घरात सगळी कंपनी कामाला लावली, आणि स्वतः दाराआड गप्प बसले. ते फार कठीण होतं, सर, त्यांना.’

परीक्षकांनी हात जोडले. सुनीतीबाई विश्रामकडे बघून हसल्या. विश्रामच्या डोळ्यांतलं उरलंसुरलं काजळ गालांवर उतरलं. ते पुसायला त्याने खांद्यावर पंचा चाचपला, तर पंचा तिथे नव्हता, त्याचं टोक अजून त्याच्या दातांत होतं.